स्पीकरची वायर बारीक हवी, पण तांबं कुठवर कमी करायचं?

तुमचा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात मांडतो. सोलापुरात शुक्रवार पेठेतलं जुनं घर, माळवदाची खोली, खाली शहाबादी फरशी. ५० वॉटचा स्टिरिओ ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि ६ ओहमचे बुकशेल्फ स्पीकर घेतलेत. डावा स्पीकर ॲम्पच्या शेजारीच, उजवा मधल्या दरवाज्याच्या पलीकडे. दुकानदारानं चार एमएमची, करंगळीएवढी जाड वायर काढून दाखवली आणि "याच्याशिवाय बेस येणार नाही" म्हणाला. वडील काठी टेकत त्याच दरवाज्यातून ये-जा करतात, म्हणून उंबऱ्याजवळ आडवं काही नको. तर बारीक आणि लवचिक वायर चालेल का, की आवाज मार खाईल?

उत्तर आधीच देऊन टाकतो: चालेल. दीड एमएमची (म्हणजे आतल्या तांब्याचा छेद दीड चौरस मिलीमीटर; तांब्याची जाडी पुढेही याच मापात), खऱ्या तांब्याची, बारीक तारांची वायर तुमच्या खोलीला पुरेशी आहे. चार एमएमचं काही काम नाही. पण हे उत्तर तुमच्या खोलीपुरतं आहे. घरगुती साऊंड बसवणं आणि ॲम्प दुरुस्त करणं हाच माझा धंदा, आणि इथं कुणीतरी "दीड एमएम बास" एवढंच वाचून जुळे सोलापुरातल्या तीन मजली बंगल्यात गच्चीपर्यंत ती ओढेल, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून हिशेब मांडतो. तो आला की कुठल्याही खोलीचं तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

तुम्ही जाडीबद्दल विचारलंय, पण वायरला दोन जाड्या असतात. एक आतल्या तांब्याची, दुसरी वरच्या प्लास्टिकची. डोळ्यांना दिसते ती दुसरी आणि आवाजाशी संबंध असतो तो पहिलीचा. लाइटच्या वायरला २३० व्होल्ट सांभाळायचे असतात. ती आयएस ६९४ या भारतीय मानकाप्रमाणे त्याहूनही बऱ्याच जास्त व्होल्टसाठी बनते, म्हणून तिच्यावर पीव्हीसीचा भरदार थर असतो. तुमच्या स्पीकरला पूर्ण ५० वॉट जात असताना वायरवर असतात साधारण १७ व्होल्ट, आणि करंट तीन अँपिअरच्या आत. एवढ्यासाठी पातळ आवरण पुरतं. म्हणजे वायर बारीक करायची तर ती प्लास्टिकमधून करायची. तांबं मात्र लांबीनं आणि ओहमनं जेवढं मागितलंय तेवढं द्यायचंच. उलटा प्रकारही बाजारात भरपूर दिसतो: बाहेरून जाडजूड, पारदर्शक, देखणी वायर, आणि सोलून बघावी तर आत एक एमएमसुद्धा तांबं नाही.

आता तांबं किती लागतं ते बघू. एक चौरस मिलीमीटर जाडीच्या एक मीटर तांब्याचा रेझिस्टन्स (करंटला होणारा विरोध, तो ओहममध्ये मोजतात) २० अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१७ ओहम असतो. जाडी दुप्पट केली की तो निम्मा होतो. करंट जातो आणि परत येतो, त्यामुळे लांबी दुप्पट धरायची. हे लोक हमखास विसरतात. आणि मर्यादा म्हणून मी साधा नियम पाळतो: जाऊन-येऊन वायरचा एकूण रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. हा नियम काही माझा नाही. मॅकिंटॉश या अमेरिकन ऑडिओ कंपनीत वर्षानुवर्षं स्पीकर घडवणाऱ्या रॉजर रसेल यांनी वायरचे जे तक्ते दिले, तेही याच ५ टक्क्यांवर बेतलेले आहेत. तुमचे स्पीकर ६ ओहमचे, म्हणजे तुमची मर्यादा ०.३ ओहम.

लांबीबद्दल तुम्ही "चार मीटर असेल" असं लिहिलंय. ते सरळ अंतर झालं, वायर तशी जाणार नाही. उंबऱ्यावरून न्यायची नाही म्हटल्यावर ती चौकटीच्या कडेनं वर चढणार, माथ्यावरून आडवी जाणार आणि पलीकडून खाली उतरणार. दरवाजा सहा फुटी धरला तरी चढ-उताराचेच साडेतीन मीटरहून जास्त झाले. कपाटाला वळसा आणि दोन्ही टोकांना थोडी ढील मिळून आणखी एक मीटर. म्हणजे नऊ मीटर धरा. दुकानात जाण्याआधी एक सुतळी घ्या, वायर जिथून जाणार त्याच वाटेनं भिंतीला धरून न्या आणि मग ती सुतळी मोजा. अंदाजानं आणलेली वायर हातभर कमी पडते, मग मध्ये पिळून जोड देतात, आणि वर्षभरानं त्याच जोडासाठी मला फोन येतो.

नऊ मीटर म्हणजे जाऊन-येऊन अठरा. पाऊण एमएममध्ये रेझिस्टन्स येतो ०.४१ ओहम, मर्यादेच्या बाहेर. एक एमएममध्ये ०.३१, काठावरून किंचित बाहेर. दीड एमएममध्ये ०.२१, आरामात आत. अडीचमध्ये ०.१२ आणि दुकानदाराच्या चारमध्ये ०.०८. आता हा रेझिस्टन्स आवाजाचं किती खातो ते बघा: चार एमएमऐवजी दीड एमएम लावल्यानं तुमच्या उजव्या स्पीकरची पातळी कमी होईल ०.२ डेसिबलपेक्षाही कमी. एवढा फरक तुम्ही खुर्ची चार बोटं मागं सरकवली तरी पडतो.

आपल्या उन्हाळ्याचंही यातच उरकून घेतो, कारण त्याबद्दल इथं विचारतातच. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. मे महिन्यात खोलीत ४२ अंश झाले तर ०.२१ चे ०.२३ होतील. चिंता नाही. मात्र काठावरची एक एमएम वायर तेव्हा मर्यादेच्या आणखी बाहेर जाते, म्हणून काठावरची घेऊ नका असं म्हणतो.

दोन्ही स्पीकरच्या वायरी सारख्या लांबीच्या हव्यात का, हेही तुम्ही विचारलंय. नकोत. डावीकडे दोन मीटर आणि उजवीकडे नऊ मीटर, दोन्ही दीड एमएम, तर दोन्ही बाजूंतला फरक पाव डेसिबलच्या आत राहतो. "एका स्पीकरला सिग्नल उशिरा पोचतो" हे तर अगदीच हास्यास्पद आहे. सात मीटर जादा वायरनं होणारा उशीर इतका कमी, की तेवढ्या वेळात आवाज हवेतून एक मिलीमीटरसुद्धा सरकत नाही. डावीकडे सात मीटरचं वेटोळं करून ॲम्पच्या मागं कोंबायचं, धूळ साठवायची आणि झाडताना त्यात केरसुणी अडकवून घ्यायची, हे कशासाठी?

आता बेस. दुकानदार अगदीच थाप मारत नव्हता. ॲम्प स्पीकरच्या कोनला (पुढच्या हलणाऱ्या पडद्याला) नुसता ढकलत नाही, थांबवतोही. ढोलकीची थाप संपल्यावर कोन झुलत राहू नये म्हणून त्याला धरून ठेवतो. वायरचा रेझिस्टन्स वाढला की ही पकड सैल होते. एवढं खरं. पण त्याच वाटेत स्पीकरच्या आतल्या व्हॉइस कॉइलचा स्वतःचा रेझिस्टन्स असतोच, आणि तो ६ ओहमच्या स्पीकरमध्ये साधारण साडेचार-पाच ओहम असतो. त्याला ०.२ ची भर पडल्यानं पकड सुटत नाही.

एक ओहमची भर पडली तर मात्र गोष्ट वेगळी. स्पीकरवर ६ ओहम लिहिलेलं असलं तरी तो आकडा सगळ्या सुरांना सारखा नसतो. कुठे पाचच्या आसपास उतरतो, कुठे वीसच्या वर चढतो. वायरमध्ये ०.२ ओहम असताना या चढ-उतारामुळे आवाजाच्या पोतात पाव डेसिबलचा फरक पडतो. तिथं एक ओहम असेल तर हाच फरक एक डेसिबलच्या पुढे जातो, आणि तो कानाला कळतो. गंमत अशी की मी बघायला जातो तिथं हा एक ओहम बहुतेक वेळा वायरच्या लांबीत नसतोच. तो टोकाशी असतो: काळी पडलेली तार, अर्धवट बसलेला लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा), टेप गुंडाळलेला जोड. मालक जाड वायर घ्यायला निघालेले असतात आणि काम होतं दोन इंच कापून टोक नव्यानं सोलण्यानं.

लवचिकपणाकडे येतो. तो येतो तारांच्या बारीकपणातून आणि आवरणाच्या मऊपणातून. सोलापूरकराला हे फार समजवायला नको: वजनाला सारखीच असली तरी बारीक सुताची चादर अंगावर मऊ पडते. दीड एमएमच्या घरगुती लाइटच्या वायरीत ०.३ मिलीमीटरच्या २२ तारा असतात. तेवढंच तांबं ०.२५ च्या ३० तारांत किंवा ०.२ च्या ४८ तारांत विभागलं तर वायर बरीच मवाळ होते. ब्रिटिश क्यूईडी कंपनीची ती जुनी प्रसिद्ध ७९ तारांची वायर याच घराण्यातली, ०.२ च्या ७९ तारा म्हणजे अडीच एमएम. आवाजासाठी तारांची संख्या महत्त्वाची नाही, एकूण तांबं महत्त्वाचं. संख्या वाकण्यासाठी हवी. वेष्टनावर "५०० तारा" छापलेलं बघून हुरळून जाऊ नका. तारेची जाडी विचारा आणि गुणाकार करा.

नव्या पेठेत किंवा ऑनलाइन तुम्हाला काय काय दाखवतील ते सांगतो.

पहिली, पारदर्शक जोडवायर. जुने इलेक्ट्रिशियन तिला चाळीस-शहात्तर म्हणतात: ४० तारा, प्रत्येक ०.००७६ इंचाची. तारा खरोखर तेवढ्या आणि तेवढ्या जाडीच्या भरल्या तर तांबं होतं जवळपास १.१७ चौरस मिमी. तुमच्या डाव्या स्पीकरला मस्त. उजव्याला हिशेबात बसते, पण उन्हाळ्यात काठाशी जाते. हिच्यात एक बाजू पांढरी आणि एक तांबूस दिसते. पांढरी म्हणजे ॲल्युमिनियम असं समजून लोक परत करतात, पण ती तांब्यावरची कल्हई असू शकते, प्लस-मायनस ओळखायला ठेवलेली. पारदर्शक पीव्हीसीचा एक दोष म्हणजे काही वर्षांनी आतलं तांबं हिरवं पडताना दिसतं. टोकं ताजी सोलली तर आवाजाला धोका नाही, पण दिसायला वाईट.

दुसरी, घरगुती लाइटची वायर, लाल आणि काळी एकत्र पिळून. आवाजाला एक नंबर, तांब्याची खात्री सगळ्यात जास्त, कारण आयएसआय मार्कची मिळते. पण ती ताठ असते, कोपऱ्यावर नीट बसत नाही, आणि पुढेमागे कुणी वायरमन तिला लाइटची वायर समजून भलतीकडे जोडण्याची भीती असते. केसिंग पट्टीच्या आत जाणार असेल तरच.

तिसरी, गोल दोन-कोर केबल, वर आणखी एक आवरण असलेली. जाड दिसते, पण उंदरांचा त्रास असलेल्या घरात मी हीच वापरतो. जुन्या पेठांमध्ये माळवदाच्या खणातून उंदीर फिरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

चौथी, सिलिकॉन वायर, रिमोटच्या गाड्या आणि ड्रोनवाले वापरतात ती. ०.०८ मिलीमीटरच्या तारा, दीड एमएममध्ये तीनशेच्या आसपास. दोरीसारखी लोळते आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात ताठ होत नाही. दोन वायरी एकमेकींभोवती पिळून घ्यायच्या. सुट्या, एकमेकींपासून लांब नेल्या तर इंडक्टन्स, म्हणजे वरच्या सुरांना होणारा अडथळा, वाढतो. पण सिलिकॉन नखानंसुद्धा चिरतं. शेल्फच्या मागं, उघड्यावर, जिथं कुणाचा पाय आणि कुणाचे दात लागणार नाहीत तिथंच.

पाचवी, भिंतीला चिकटणारी तांब्याची चपटी पट्टी. कागदासारखी पातळ असते, वरून रंग देता येतो. नव्या, पुट्टी केलेल्या भिंतीवर सुरेख. तुमच्या चुन्याच्या भिंतीवर तिच्यासकट चुन्याचा पापुद्रा सुटून येईल. सोडून द्या.

लॅनच्या केबलपासून स्पीकर केबल विणायचे व्हिडिओही तुम्ही बघितले असतील. तिच्या तारा एकसंध, म्हणजे वारंवार वाकवल्या की तुटणाऱ्या. आणि दाट विणलेल्या केबलची कपॅसिटन्स वाढते, त्यानं काही ॲम्प बिथरतात, न ऐकू येणाऱ्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होऊन तापतात. एवढा खटाटोप करून अपाय विकत घ्यायचा नाही.

तुमच्यासाठी माझी निवड: दीड एमएमची चपटी जोडवायर, बारीक तारांची, पांढऱ्या किंवा भिंतीच्या रंगाच्या पीव्हीसीची.

आता खरी अडचण, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे. दीड एमएम मागितलं की दीड एमएम तांबं मिळतंच असं नाही. स्पीकर वायरमध्ये सीसीए सर्रास चालते, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा. दिसायला हुबेहूब तांबं. तिचा रेझिस्टन्स तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दीडपट असतो. म्हणजे दीड एमएम सीसीए ही तांब्याच्या एक एमएमएवढीच, आणि तुमच्या हिशेबात एक एमएम काठावर आहे. शिवाय तिच्या तारा लवकर तुटतात, आणि उघड्या टोकाशी ॲल्युमिनियम गंजतं. सीसीए म्हणून सांगून, स्वस्तात विकली तर माझी तक्रार नाही. एक जाडी वरची घ्यायची आणि काम भागवायचं. तांब्याच्या भावात विकतात तिथं तक्रार आहे.

ओळखायची कशी? एक तार ब्लेडनं हलकेच खरवडा. आत चंदेरी दिसलं तर ॲल्युमिनियम. कल्हईच्या तांब्यात उलटं होतं: वर चंदेरी, आत तांबूस. दुसरी परीक्षा वजनाची, आणि ती फसत नाही. दीड एमएमच्या जोडवायरीचा एक मीटर तुकडा घ्या, दोन्ही बाजूंचं प्लास्टिक पूर्ण काढा आणि नुसती धातू स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. खरं दीड एमएम तांबं असेल तर २७ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. सीसीए १० ग्रॅमच्या आसपास राहते. अधलामधला आकडा आला तर तांबं खरं, पण जाडीत काटा मारलाय.

मीटरभर वायर वाया घालवायची नसेल तर भावावरूनही अंदाज येतो. १० मीटर जोडवायरीत २७० ग्रॅम तांबं असायला हवं. मोडवाल्याकडे तांब्याचा किलोचा भाव विचारा आणि त्याला ०.२७ नं गुणा. अख्खी नवी वायर, प्लास्टिक आणि दुकानदाराच्या नफ्यासकट, त्याहून स्वस्त मिळत असेल तर ती तांब्याची असणं शक्यच नाही. तांब्याचा भाव सारखा हलतो, म्हणून मी इथं रुपये लिहीत नाही. गुणाकार कायम टिकेल.

माझ्या टेबलावर मी वेगळं करतो. १० मीटर वायरीची पलीकडची टोकं एकमेकांना जोडतो, अलीकडून पॉवर सप्लायनं बरोबर एक अँपिअर सोडतो आणि टोकांवर मिलिव्होल्ट बघतो. खरी दीड एमएम २३० मिलिव्होल्टच्या जवळपास दाखवते. सीसीए साडेतीनशेच्या घरात जाते. साध्या मल्टिमीटरच्या ओहमवर हे मोजायला जाऊ नका. त्याच्या स्वतःच्या पिनांचाच रेझिस्टन्स तेवढा असतो, आणि आकडा बघून तुम्ही चांगली वायर परत कराल.

इथवरचं थोडक्यात: सुतळीनं लांबी मोजा, दुप्पट करा, ५ टक्क्यांत बसेल एवढं तांबं घ्या, आणि ते तांबंच आहे याची वजनानं खात्री करा.

वायर बसवताना. चुन्याच्या आणि दगडी भिंतीत खिळ्याची क्लिप धरत नाही, दोन दिवसांत लोंबते. सगळ्यात लहान मापाची पीव्हीसी केसिंग पट्टी घ्या, गिट्टी (स्क्रू धरणारी खुंटी) ठोकून स्क्रूनं बसवा. मागच्या चिकटपट्टीवर विसंबू नका, डिस्टेंपरवर ती उन्हाळाभरही टिकत नाही. दरवाज्याजवळ भिंत सोडून चौकटीच्याच लाकडाला धरून न्या. लाकडात बारीक क्लिप छान बसते आणि चौकटीच्या रंगाचा हात मारला की वायर दिसतही नाही. शहाबादी फरशीच्या सांध्यातून वायर पुरून वर व्हाइट सिमेंट भरायचं कुणी सुचवेल. फरशी धुतली जाते, पाणी सांध्यात मुरतं, आणि पुढं वायर काढायची झाली तर फरशीची कड उडते. मी ते करत नाही. सतरंजीखालूनही नको, पायाखाली तारा एकेक करून तुटतात आणि वडिलांच्या काठीला उंचवटा लागतो. लाइटच्या पाइपातून तर अजिबात नाही. पातळ आवरणाची स्पीकर वायर २३० व्होल्टच्या वायरीला घासून राहिली तर एक दिवस तो करंट ॲम्पमध्ये येईल, आणि ॲम्पला हात लावणाऱ्यालाही लागेल.

आणखी एक बारीक गोष्ट: पीव्हीसी वायर थर्मोकोलला चिकटून ठेवू नका. पीव्हीसीतलं मऊपणाचं रसायन थर्मोकोलमध्ये उतरतं, थर्मोकोल विरघळतं आणि वायर कडक होते. स्पीकरखाली थर्मोकोलचे तुकडे लावणारे बरेच आहेत म्हणून सांगितलं.

टोकांबद्दल. तुमच्या ॲम्पला मागं कोणते टर्मिनल आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. स्प्रिंगच्या क्लिपा असतील तर दीड एमएम त्यात नीट बसते. चार एमएम बसत नाही, मग लोक निम्म्या तारा कात्रीनं छाटून उरलेल्या आत घालतात. जाड वायरीचे पैसे भरून शेवटच्या अर्ध्या इंचात ती पुन्हा दोन एमएमची करतात! क्लिपेसाठी बारीक तारांवर पिन लग क्रिम्प करून, म्हणजे पक्कडीनं दाबून, घ्या. स्क्रूचे टर्मिनल असतील तर बनाना प्लग किंवा चिमटा लग. स्क्रूखाली दाबायच्या टोकाला सोल्डर भरू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि पकड जाते. आणि एकही सुटी तार बाहेर डोकावता कामा नये. बारीक तारांच्या वायरीचा हा एकच खरा धोका आहे: केसाएवढी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली की आउटपुट शॉर्ट. दुरुस्तीला येणाऱ्या ॲम्पमध्ये हे कारण मला नवीन नाही.

प्लस-मायनस दोन्हीकडे सारखं जोडलंय का, ते बघायला दीड व्होल्टचा सेल घ्या. वायर ॲम्पपासून सोडवा, सेलचा प्लस वायरच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा. दोन्ही स्पीकरचे मोठे कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. जाळी निघत नसेल तर ॲम्पवर रेडिओची बातमी लावा. निवेदकाचा आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून आला तर जोडणी ठीक. आवाज पसरट, डोक्याच्या दोन्ही बाजूंना विखुरल्यासारखा वाटला आणि बेस गायब असेल तर एका बाजूची वायर उलटी लागलीय. "बेस येत नाही" या तक्रारीत हे कारण मी वायरच्या जाडीच्या कितीतरी आधी तपासतो.

दीड एमएम कुठं पुरणार नाही तेही सांगतो. स्पीकर ४ ओहमचे असतील तर मर्यादा ०.२ ओहमवर येते, मग आठ मीटरनंतर अडीच घ्या. ८ ओहमचे असतील तर मर्यादा ०.४ होते आणि दीड एमएम पंधरा मीटरपर्यंत बिनधास्त चालते. होम थिएटरच्या मागच्या स्पीकरना म्हणूनच मी सहसा तीच ओढतो. वेगळा पॅसिव्ह (स्वतःचा ॲम्प नसलेला) सबवूफर असेल तर अडीच. वीस-पंचवीस मीटर न्यायची असेल तर वायर जाड करत बसण्यापेक्षा ॲम्पच स्पीकरजवळ नेऊन ठेवता येतो का ते आधी बघा.

हजारो रुपये मीटरच्या केबलींबद्दल फार लिहीत नाही. कान तुमचे, खिसाही तुमचा. फक्त ऐकून बघताना वायर दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा आणि कुठली लावलीय ते त्यानं तुम्हाला सांगू नये. तेवढ्यावरही फरक कळला तर जरूर घ्या.

सगळं जोडून झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी ॲम्प बंद करून टर्मिनलचे स्क्रू पुन्हा एकदा आवळा. बारीक तारा दाबाखाली बसतात आणि पहिल्यांदा आवळलेला स्क्रू तेवढा घट्ट राहत नाही. आणि टर्मिनलचा फोटो टाका, लगचं माप सांगतो.